एकाच ३०४ च्या रेलिंगवर काही भाग स्वच्छ, काही तपकिरी: दोष पोलादाचा की फिनिशिंगचा?

प्रश्न: चिरेबंदी, वेंगुर्ला

नमस्कार. आमचे घर वेंगुर्ल्याला समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर आहे. गेल्या पाडव्याच्या सुमारास गच्चीला आणि पुढच्या पडवीला स्टेनलेस स्टीलचे रेलिंग बसवून घेतले. माल ३०४ प्रतीचा असेल असे ठरले होते आणि पैसेही त्याच प्रतीचे दिले. दिवाळी येईपर्यंत, चहा सांडून वाळावा तसे तपकिरी डाग जागोजागी दिसू लागले. रेलिंगच्या बाजारात २०२ चा (कमी निकेलचा, स्वस्त प्रतीचा) माल ३०४ म्हणून खपवतात हे ऐकून असल्यामुळे पहिला संशय मालावरच गेला, म्हणून एका परिचितांच्या कारखान्यातील, धातूतले घटक मोजणाऱ्या एक्स-रे गनने चार ठिकाणी तपासणी करून घेतली. चारही ठिकाणी क्रोमियम १८ टक्क्यांच्या वर आणि निकेल ८ टक्क्यांच्या वर निघाले. माल खरा आहे.

त्यानंतर एका रविवारी सकाळी सगळे रेलिंग इंच इंच पाहिले. हाताखालचा गोल पाइप आरशासारखा चकचकीत आहे; तो वरून जवळजवळ स्वच्छ आहे, मात्र त्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवले की खरखरीत लागते. त्याखालच्या चपट्या पट्ट्यांना आडवे हेअरलाइन फिनिश (बारीक समांतर रेघांचे) आहे आणि डाग मुख्यतः त्यांच्यावरच, रेघांच्या दिशेने ओढल्यासारखे आहेत. सर्वांत वाईट अवस्था जोडांची आहे: वेल्डिंगच्या कडेने बोटभर रुंदीचे गडद कडे, आणि जिथे ग्राइंडर फिरवून जोड सपाट केला आहे तिथे ठिपक्याठिपक्यांनी गंज. आणखी एक गोष्ट मला उलटी वाटली. चार महिने पावसात भिजलेले गच्चीवरचे रेलिंग बरे आहे आणि छपराखाली कोरडे राहिलेले पडवीतले रेलिंग अधिक डागाळले आहे.

धातू एकच असताना एवढा फरक केवळ फिनिशिंगमुळे पडू शकतो का? आणि आता सगळीकडे ब्लास्टिंग (जोराने बारीक कणांचा मारा) करून एकसारखे मॅट फिनिश करून घेतले, तर प्रश्न मिटेल का?

उत्तर: जुना_धातुवाला, पुणे

आपण डागांचा जो नकाशा दिला आहे, त्यातच निम्मे उत्तर आहे. फरक फिनिशिंगमुळे पडू शकतो, आणि आपल्या रेलिंगवर तो त्यामुळेच पडलेला दिसतो.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियमच्या ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो, हवा लागताच आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा भरून येतो. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असावे लागते ते यासाठीच. पण भरून येण्याच्या या क्रियेला दोन गोष्टी लागतात: खाली पुरेसे क्रोमियम असलेला स्वच्छ धातू आणि वर ऑक्सिजन. समुद्राच्या मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी फोडत असते. ज्या पृष्ठभागावर फुटलेली जागा लगेच सांधली जाते तो स्वच्छ राहतो आणि जिथे ती सांधली जात नाही तिथे डाग धरतो. फिनिशिंग हा या शर्यतीतला फार मोठा घटक आहे.

हेअरलाइन पट्टी भिंगाखाली पाहिली, तर ती नांगरलेल्या शेतासारखी दिसते. भरड पॉलिश पेपरच्या पट्ट्याने घासलेल्या पृष्ठभागावर नुसते चर नसतात. चरांच्या कडांना फाटून दुमडलेल्या धातूच्या पापुद्र्यांची गर्दी असते आणि त्या पापुद्र्यांखाली सूक्ष्म फटी असतात. तिथे मीठ साचते, दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि खाऱ्या पाण्याचा थेंब तयार होतो. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर हवेतील आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास असली तरी ओलसर होते, त्यामुळे कोकणात असा पृष्ठभाग खऱ्या अर्थाने कोरडा कधीच नसतो. फटीच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, आतले पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि ते बाहेर वाहून जायलाही वाट नसते. गुळगुळीत पृष्ठभागावर सुरू होऊन तिथल्या तिथे विझलेला सूक्ष्म खड्डा अशा चरात जिवंत राहतो. म्हणूनच एकाच ३०४ ची आरशासारखी नळी टिकली आणि पट्टी डागाळली.

पावसाचे कोडेही यातूनच सुटते. पाऊस रेलिंगवरचे मीठ धुऊन नेतो; पडवीत आणि पाइपच्या पोटाखाली तो पोचत नाही, तिथे वाऱ्याने आणलेले मीठ महिनोन्‌महिने साचत राहते. रेघा उभ्या असत्या तर पाणी खाली ओघळताना थोडी तरी सफाई झाली असती. आपल्याकडे त्या आडव्या आहेत, म्हणजे प्रत्येक रेघ ही एक छोटी पन्हळ झाली आहे आणि तिला उतार नाही.

किती गुळगुळीत म्हणजे पुरेसे, याला एक मोजता येणारा आकडा आहे. खडबडीतपणाचे सरासरी माप 'आरए' असे सांगतात. किनाऱ्यालगतच्या उघड्या बांधकामासाठी ते ०.५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असावे, असा दंडक बराच रुळलेला आहे. युरोपीय मानकांत '२के' नावाचे फिनिश यासाठीच वेगळे काढलेले आहे. कारखान्यातून थंड लाटून, पिकलिंग करून (आम्लाने वरचा थर काढून) आलेली साधी '२बी' चादर बहुधा ०.१ ते ०.५ मायक्रॉनच्या दरम्यान असते. गंमत अशी, की हीच चांगली चादर आपण शोभेसाठी भरड पट्ट्यावर घासतो आणि तिचा खडबडीतपणा एक मायक्रॉनच्या वर नेऊन ठेवतो.

जोडांचा विषय वेगळा आहे. त्यावर प्रत्यक्ष काम करणारे अधिक चांगले सांगतील.

उत्तर: आर्गन_टिग, शिरोली, कोल्हापूर

जोडांवर मी लिहितो, कारण गेली बावीस वर्षे तेच करत आहे आणि सुरुवातीच्या काळात आपल्यासारखेच रेलिंग मीही लोकांना देऊन बसलो आहे.

वेल्डिंगच्या कडेला जो सोनेरी, जांभळा, निळा रंग येतो तो नुसता रंग नसतो. तापलेल्या धातूवर जाड आणि सच्छिद्र ऑक्साइड चढते आणि त्यासाठी लागणारे क्रोमियम ते खालच्या धातूतूनच ओढून घेते. त्यामुळे रंगाच्या खाली क्रोमियम कमी झालेला पातळ थर उरतो, म्हणजे त्या बोटभर पट्ट्यापुरते तुमचे ३०४ हे ३०४ राहिलेले नसते. वरवर बफ मारून (कापडी चाकाने घासून) रंग घालवला, तर जोड चमकतो, पण तो अशक्त थर अनेकदा तसाच राहतो. बोटभर रुंदीचे गडद कडे म्हणता ते हेच असावे.

ठिपक्याठिपक्यांचा गंज मात्र बहुधा स्टेनलेसचा नाही, तर साध्या लोखंडाचा आहे. एकाच शेडमध्ये एमएसचे (साध्या पोलादाचे) गेट आणि एसएसचे (स्टेनलेसचे) रेलिंग शेजारी शेजारी बनतात. सकाळी गेटवर चालवलेली चकती दुपारी रेलिंगवर चालते, तारेचा ब्रश दोन्हीकडे एकच असतो आणि शेजारच्या ग्राइंडरच्या ठिणग्या तापलेल्या स्थितीत येऊन स्टेनलेसला चिकटतात. ते कण डोळ्यांना दिसत नाहीत; पहिल्या पावसाळी हवेत गंजतात आणि दिसू लागतात. घरातले उदाहरण द्यायचे तर भांडी घासायची लोखंडी तार ओली असताना सिंकमध्ये विसरली की सकाळी तिच्याखाली तांबूस डाग उमटतो. तो सिंकचा गंज नसतो.

याची एक सोपी परीक्षा आहे. मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात सल्फ्युरिक आम्लाचे थोडे थेंब घातलेले द्रावण स्वच्छ केलेल्या जागेवर सहा मिनिटे ओले राहील असे लावतात. सुटे लोखंड असेल तिथे तांब्याचा गुलाबी थर चढतो. मी पहिल्यांदा ही परीक्षा माझ्या स्वतःच्या, गिऱ्हाइकाला पोचवायला बांधून ठेवलेल्या मालावर केली तेव्हा जोडाभोवती चांदण्यासारखे गुलाबी ठिपके उमटले होते. दुसऱ्याच दिवशी एसएसच्या कामासाठी शेडच्या मध्ये पत्र्याची आडभिंत घातली आणि चकत्यांचे डबे वेगळे केले. खाद्यपदार्थांच्या भांड्यांवर मात्र ही परीक्षा करू नये.

आता आपण विचारलेल्या ब्लास्टिंगविषयी: कृपया करू नका. बाहेर मिळणारे ब्लास्टिंग बहुतेक ठिकाणी लोखंडी शॉट (गोळ्या) किंवा ग्रिटने (टोकदार कणांनी) होते, म्हणजे आपण पैसे देऊन संपूर्ण रेलिंगमध्ये लोखंड ठोकून घेणार. काचेचे मणी वापरले आणि ते खरोखर कोरे असले तरी पृष्ठभाग खडबडीतच होतो आणि नंतर आम्लाची प्रक्रिया करावीच लागते. मॅट फिनिश शहरातल्या लिफ्टमध्ये शोभते, वेंगुर्ल्याच्या वाऱ्यावर नाही.

आणि एक विचारायचे राहिले. रेलिंग बसवल्यानंतर फरशीचे काम झाले का?

प्रतिसाद: चिरेबंदी

आपण नेमके विचारलेत. रेलिंगनंतर महिनाभराने पडवीत फरशी बसली आणि सिमेंटचे डाग काढण्यासाठी कामगारांनी ती ॲसिडने धुतली होती. त्या दिवशी वास एवढा होता की आम्ही मागच्या दारी जाऊन बसलो होतो. गच्चीवर फरशी नाही.

उत्तर: आर्गन_टिग, शिरोली, कोल्हापूर

मग पडवीतल्या डागांत त्याचाही वाटा आहे. फरशी धुण्याचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि स्टेनलेसचा त्याच्याइतका वैरी दुसरा नाही. त्याचे शिंतोडेच उडायला हवेत असे नाही, बंदिस्त जागेत वाफ पुरते. मी आता कोटेशनमध्येच लिहून देतो की फरशी धुऊन झाल्याशिवाय रेलिंग बसणार नाही.

उत्तर: सरळ_बोलतो, ठाणे

एवढा ऊहापोह कशाला? समुद्राकाठी ३०४ लावलेच का, हा खरा प्रश्न आहे. ३१६ प्रतीचे लावले असते तर यातले काहीच झाले नसते. फिनिशिंग हा दिसण्याचा विषय आहे, गंजाचा विषय प्रतीचा आहे.

उत्तर: जुना_धातुवाला, पुणे

आपल्या विधानाचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. चारशे मीटरवर मीही ३१६ च सुचवले असते. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडपुढे ते मोलाचे ठरते. क्रोमियम, मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट यांची बेरीज करून जो निर्देशांक काढतात, तो ३०४ साठी साधारण १८ ते १९ आणि ३१६ साठी २४ च्या आसपास येतो. हा फरक खरा आहे आणि कितीही पॉलिश केले तरी ३०४ चे ३१६ होत नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागाशी मात्र मी सहमत नाही. भरड घासलेले ३१६ किनाऱ्यावर तपकिरी पडते आणि त्याच्या जोडावरचा निळा रंग तसाच ठेवला तर ते जोडापासूनच गंजू लागते. मुळात निर्देशांक हा धातूच्या रसायनाचा असतो. पृष्ठभागावर दुमडलेले पापुद्रे, रुतलेले लोखंड आणि क्रोमियम गमावलेला थर असेल तर ते रसायन प्रत्यक्ष पृष्ठभागावर हजरच नसते. प्रत ही कमाल मर्यादा ठरवते. त्या मर्यादेच्या किती जवळ पोचायचे हे शेवटच्या हाताने केलेले काम ठरवते. सुरुवातीच्या काळातल्या स्टेनलेसच्या सुऱ्यांनाही हेच लागू होते: तापवून पाणी दिल्यानंतर (कडक केल्यानंतर) त्यांना नीट झिलई केली नाही, तर त्या डाग धरत.

याच धाग्यात कदाचित कोणी म्हणेल की पॅसिव्हेशन करून घ्या म्हणजे झाले, म्हणून आधीच सांगतो. नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाचे पॅसिव्हेशन पृष्ठभागावरचे सुटे लोखंड विरघळवते आणि क्रोमियमच्या थराला स्वच्छ जमीन मिळवून देते. ते थर 'चढवत' नाही, वेल्डचा रंग काढत नाही आणि चर बुजवत नाही. वेल्डचा रंग आणि त्याखालचा अशक्त थर काढायला नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लाचे पिकलिंग लागते, किंवा तेवढा धातू बारीक पॉलिश पेपरने पूर्ण काढून टाकावा लागतो. या दोन्ही क्रियांना आपल्याकडे सर्रास 'ॲसिड मारले' एवढेच म्हणतात आणि त्यातून बरेच घोटाळे होतात.

उत्तर: थंड_साखळी, सांगली

मी दूध प्रक्रिया यंत्रांच्या देखभालीत आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने भर घालतो. आमच्याकडे दुधाला लागणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. औषधांच्या यंत्रांत तो आणखी खाली, इलेक्ट्रोपॉलिश केलेल्या काही वर्गांत ०.३८ मायक्रॉनपर्यंत जातो. तिथे मुख्य चिंता जंतूंची असते, पण जंतू जिथे दडतात तिथेच क्लोरीनयुक्त जंतुनाशकही दडते आणि खड्डा पडतो.

इलेक्ट्रोपॉलिशचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून करतो. फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात वस्तू धन अग्राला जोडून वीज सोडली, की उंचवटे आधी विरघळतात. काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत धातू जातो, त्याबरोबर घासण्याने फाटलेला वरचा थर आणि रुतलेले कण जातात, आणि लोखंड अधिक विरघळत असल्याने वरच्या थरात क्रोमियमचे प्रमाण वाढते. बफने चकचकीत केलेला आणि इलेक्ट्रोपॉलिश केलेला असे दोन तुकडे डोळ्यांना सारखेच दिसू शकतात, पण गंजाच्या बाबतीत ते सारखे नसतात. बफ पुष्कळदा उंचवटे दाबून चरांवर आडवे पाडतो आणि बफाला लावायच्या वडीतली चरबी व भुकटी त्यांच्याखाली अडकते. आपल्या पाइपच्या पोटाशी जो खरखरीतपणा लागतो, त्याचे थोडे मूळ यात असू शकेल. पण मुळात पृष्ठभाग खोल ओरखडलेला असेल तर इलेक्ट्रोपॉलिशही त्याला वाचवत नाही. ते ओरखडे फक्त चमकदार होतात.

उत्तर: आर्गन_टिग, शिरोली, कोल्हापूर

आता करायचे काय, यावर. हे डाग बहुधा वरवरचे आहेत आणि रेलिंगच्या ताकदीला त्यांनी धोका नाही. घाबरून सगळे बदलू नये.

पट्ट्या आणि जोड असलेले भाग बोल्ट काढून सुटे करता येत असतील तर कारखान्यात न्यावेत. पट्ट्या १८०, २४० आणि ३२० नंबरच्या (आकडा मोठा तेवढे कण बारीक), कोऱ्या, एसएससाठीच्या पॉलिश पट्ट्यांनी क्रमाने घासून घ्याव्यात. प्रत्येक टप्प्याला हात आधीच्या दिशेला काटकोनात फिरवायचा, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. शेवटचा हात जमेल तिथे उभा द्यावा. नुसत्या ३२० या आकड्यावर विसंबू नका. नवा पट्टा आणि झिजलेला पट्टा वेगळा पृष्ठभाग देतात, म्हणून खडबडीतपणा मापकाने रेघांना आडवे (म्हणजे काटकोनात) माप घ्यायला सांगा.

जोडांना पिकलिंग पेस्ट कारखान्यातच लावावी. घरी, स्वतः, यूट्यूबवर पाहून अजिबात करू नये. तिच्यातले हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर पडले तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जाते. ज्या शेडमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी नाही, तिथे ते काम देऊ नका. आपल्याकडे विहीर असणारच. धुण्याचे पाणी चुन्याने उदासीन केल्याशिवाय अंगणात सोडण्याचा विचारही नको. जे जोड सुटे होत नाहीत त्यांच्यासाठी फॉस्फोरिक आम्लावर चालणारे विजेचे ब्रश मशीन मिळते, ते जागेवर चालते आणि त्यात हा धोका बराच कमी असतो.

प्रतिसाद: चिरेबंदी

सर्वांचे आभार. काम झाले म्हणून दोन महिन्यांनी लिहीत आहे.

पडवीतल्या पट्ट्या सोडवून नेल्या. काम करण्यापूर्वी मापकाने माप घेतले तेव्हा रेघांना आडवे १.४ मायक्रॉन आणि रेघांच्या दिशेने जेमतेम ०.५ निघाले. पहिल्या कारागिराने कधी काळी मापलेच असेल तर ते सोयीच्या दिशेने मापले असणार. नव्याने घासल्यावर आडवे माप ०.३ ते ०.४ च्या दरम्यान आले. जोड पिकलिंग करून नंतर सायट्रिक आम्लाने धुतले. मोरचुदाची परीक्षा माझ्यासमोर केली. एका जोडाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे चकती पोचत नाही तिथे, तीन गुलाबी ठिपके आले, म्हणून तो जोड पुन्हा घेतला.

गच्चीवरची एक पट्टी मुद्दाम जुन्याच अवस्थेत ठेवली आहे. पडवीतल्या रेलिंगला आता दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याचा पाइप मारून, साबणाच्या फडक्याने पुसतो, पोटाखालून विशेष. दोन महिन्यांत नव्या पट्ट्यांवर काही नाही. गच्चीवरच्या जुन्या पट्टीवर, पाऊस थांबल्यापासून, रेघांच्या दिशेने पुन्हा फिकट तपकिरी ओढ उमटू लागली आहे. सरळ_बोलतो यांच्यासाठी: जिन्याचे रेलिंग अजून व्हायचे आहे आणि ते ३१६ चेच घेणार आहे, पण ०.५ मायक्रॉनची अट आणि मापाची दिशा ऑर्डरमध्ये लिहून.